थाळाचं मेण

१

देवजी गुरुजी दुपारचं जेवले की स्वतःचीच भाषणं ऐकत बसायचे.

थट्टा नाही. बाहेरच्या खोलीतल्या शोकेसमध्ये, जिथे इतर लोक काचेचे ग्लास मांडतात, तिथे ह्यांच्या कॅसेटी होत्या. केंद्रप्रमुख झाल्यापासून जव्हार-मोखाड्यात जिथे म्हणून सत्कार झाला, नारळ फुटला, शाळेवर पत्रे बसले, तिथे गुरुजी बोलले, आणि बोलताना माइकच्या बुडाशी टेप लावून ठेवला. ‘अंधश्रद्धा आणि आपला समाज’ हे भाषण तर पाच-सहा गावांतलं होतं. शब्द तेच, विनोद तेच, फक्त मागे ओरडणाऱ्या कोंबड्या वेगळ्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी ठाण्याच्या एका कारागिराकडून अ‍ॅम्प्लिफायर बनवून आणला. काळा, जड, मागच्या अंगाला हवा मारायला पंखा. लग्नाचा मांडव दणाणेल एवढी ताकद. ऐकणारं घरात कोण, तर स्वतः गुरुजी, बायको गौरा, आणि कॉलेज सोडून घरी बसलेला पोरगा तुषार.

गौरा माघात गेली. ऐकणारे दोघंच उरले, आणि आवाजाचं बटण पहिल्यापेक्षा जास्त फिरायला लागलं.

बाप-लेक एकमेकांशी बोलायचे ते भाजीत मीठ नसलं तरच. बाकी दिवसभर कॉलनीतल्या त्या स्लॅबच्या घरात एकच माणूस बोलायचा, तो म्हणजे कॅसेटमधला बाप. खुर्चीतला बाप डोळे मिटून त्याला मान द्यायचा. समोर वेताची दुसरी खुर्ची रिकामी असायची. ती गौराची नव्हे. गौरा खुर्चीत कधी बसलीच नाही, ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला टेकून बसायची आणि तिथूनच बडबडायची. शेजारणीची गाय, साखरशेत पाड्यावरची भातं, कुणाची पोर कुणाबरोबर गेली. गुरुजींच्या तोंडासमोर पेपर. तिचं बोलणं संपलं की पेपराआडून विचारायचे, “चहा टाकलास का?”

श्रावणातल्या एका दुपारी भाषण मध्येच बंद पडलं. “बंधू आणि भगिनींनो, आपण विज्ञानाच्या...” एवढं बोलून यंत्र मुकं. पुढची लाल लाईट लागली. तुषारने मागे हात लावला आणि चटकन काढला. पत्रा तव्यासारखा तापला होता. पंखा जाम.

“तेवढं तरी कर,” गुरुजी म्हणाले. “तीन वर्षं सायन्सच्या नावाखाली काय शिकलास ते दिसू दे.”

“दोन वर्षं.”

“काय?”

“दोनच वर्षं गेलो, बाबा. तिसऱ्या वर्षी मी घरीच होतो. तुमच्या समोर. ह्याच खोलीत.”

गुरुजींनी चष्मा पुसला.

२

जव्हारच्या पाचबत्ती नाक्यावर जिवा मेकॅनिकचं दुकान होतं. रेडिओ, टॉर्च, आणि हल्ली कॉम्प्युटरचं भंगार. त्याने ढिगातून एक काळा चौकोनी पंखा उपसून काढला आणि बॅटरीला लावून फिरवून दाखवला.

“कशातला आहे?” तुषारने विचारलं.

“फिरतोय ना? मग झालं. फॅनची जात विचारतोस काय, मास्तरच्या पोरा?”

घरी येऊन तुषारने कव्हर खोललं. जुन्या पंख्याच्या पात्यांवर लोकरीसारखी धूळ. मधलं बुश सुकून गेलेलं. लाल तार लालला, काळी काळीला, कथिलाचे दोन डाग दिले, टेप गुंडाळली. चालू केला तर वारा छान. अडचण एकच. पंखा जरा लहान पडला. वरची दोन भोकं जुळली, खालची दोन जुळेनात. खालचा भाग मोकळा राहिला आणि पत्र्यावर थरथरून असा काही वाजायला लागला की डब्यात भुंगा कोंडावा.

मध्ये काहीतरी मऊ भरायला हवं होतं. रबर सापडलं नाही. पुठ्ठा भरला, तो गळून पडला. शोधता शोधता तो माळ्यावर चढला, आणि तिथे मागच्या कोपऱ्यात बायडी आत्याचं बोचकं दिसलं.

ते कशाचं होतं ते त्याला ठाऊक होतं. आत काशाची थाळी, एक गुळगुळीत काडी, आणि पळसाच्या पानात बांधलेला मेणाचा गोळा. त्यांच्या पाड्यावर माणूस गेलं की दिवसाला थाळ लावतात. थाळीच्या मधोमध मेणाने काडी उभी करायची, आणि सांगणारा मेणाळलेल्या दोन बोटांनी ती वरून खाली ओढत राहतो. थाळी घुमते. घुंऽऽ अशी. त्या घुमण्यावर तो गेलेल्याची गोष्ट सांगतो, जन्मल्यापासून वाटेला लागेपर्यंत. समोर एक जण हुंकार द्यायला बसतो. एक ओळ झाली की “हुं”. हुं मिळाल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही, आणि गोष्ट पुढे सरकल्याशिवाय गेलेला माणूस पुढे जात नाही.

गौरा गेली तेव्हा गुरुजींची थोरली बहीण बायडी हे सगळं घेऊन साखरशेताहून आली होती. गुरुजींनी तिला ओटीवरच अडवलं. “माझ्या घरात थाळ लागणार नाही. लोक काय म्हणतील? मी आयुष्यभर काय बोलत आलो?” मग बाहेरून एक भटजी बोलावून, चार मंत्र, लाडू आणि गौराच्या फोटोशेजारी स्वतःचं भाषण. ते भाषणसुद्धा टेप केलेलं होतं. विज्ञानाला भटजी चालतो, काडी चालत नाही, हे गणित तुषारला अजून सुटलेलं नव्हतं. आत्या निघून गेली. बोचकं राहिलं.

तुषारने मेण उचललं. पडून राहून त्याचं काय होणार होतं? हातात मळून मऊ केलं आणि पंख्याच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांशी, पत्र्याच्या फटीत ठासून भरलं. गरम झालं की वितळून गळेल हे त्याला कळत होतं. तोवर रबराचं बघू, म्हणाला.

चालू केलं. खडखड थांबली. आता फक्त घुमत होतं.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी तुषार आतल्या खोलीत पडला होता. जव्हारचं धुकं खिडकीच्या गजांना टेकलेलं. बाहेर काही दिसत नव्हतं, दिवस असूनही घरात दिवे लावण्याइतका अंधार.

बाहेरच्या खोलीतून बापाचा आवाज आला. “हुं.”

थोड्या वेळाने पुन्हा. “हुं.”

तुषारला वाटलं, फोन असेल. नाशिकहून हर्षदाचा, त्याच्या बहिणीचा. ती नर्स आहे, बोलायला लागली की ड्युटी सोडून बाकी सगळं सांगते. तो उठून पाणी प्यायला गेला. फोन जागेवर होता.

गुरुजी खुर्चीत पुढे वाकून बसले होते. यंत्र चालू, कॅसेट नाही. टेपचं झाकण उघडंच होतं. मागे पंखा घुमत होता, एका लयीत, जाड, आणि घरभर कोमट मेणाचा वास सुटला होता. मध आणि धूर ह्यांच्या मधला. लहानपणी पाड्यावर कुणाच्या तरी दिवसाला आईच्या मांडीवर झोपलेला असताना आलेला वास.

पंखा थांबला.

गुरुजी म्हणाले, “हुं.”

पंखा सुरू झाला.

“काय करताय?” तुषारने विचारलं.

गुरुजी दचकले. “काही नाही. फॅन बघतोय. मध्ये मध्ये बंद पडतो तुझा. काम धड करायची सवयच नाही तुला.”

बरं वाटलं तुषारला. शिव्या म्हणजे बाप जागेवर आहे.

शिवाय कारण उघड होतं. आत उष्णतेवर चालणारं स्विच होतं. गरम झालं की पंखा चालू, गार झालं की बंद. बाप म्हातारा आहे, एकटा आहे, पंखा थांबला की त्याच्या तोंडून आपसूक हुं निघतो. म्हातारी माणसं खाटेवर बसतानासुद्धा हुं करतात. त्याने हे सगळं स्वतःला नीट समजावलं. एकच गोष्ट समजावता येईना. गार व्हायला ठरावीक वेळ लागतो. पंखा मात्र कधी लगेच थांबत होता, कधी कितीतरी लांब घुमत राहून मग थांबत होता. एखादी ओळ छोटी असावी, एखादी लांबलचक, तसा.

त्याने मागे जाऊन मेण चाचपलं. पत्रा चांगलाच तापला होता. मेण थंड होतं. आणि घट्ट.

४

चार-दोन दिवसांत गुरुजींनी कॅसेटी लावणं सोडून दिलं. सकाळी आंघोळ झाली की यंत्र चालू आणि हे समोर. पेपर दाराशी गुंडाळलेला पडून राही. ताटावर बोलवावं तर हात वर करून थांब म्हणत, जशी शाळेत पोरांना खूण करायचे तशी. पंखा थांबे, “हुं” देत, मग दोन घास घाईघाईने गिळून परत. कधी हसत. एकदा तर तुषारने त्यांना डोळे पुसताना पाहिलं, आणि तो मुकाट्याने मागच्या दाराने अंगणात गेला. बापाला रडताना बघायचं तर आधी कुणीतरी शिकवायला हवं.

राग मात्र येत होता. आई जिवंत असताना एक हुं दिला असता तर? बाई उंबऱ्यावर बसून आयुष्यभर बोलली. तिला ह्या माणसाने कधी मान वर करून बघितलं नाही. आता भंगारातल्या पंख्याला हुंकार देतोय.

त्या दुपारी लाईट गेली. लोडशेडिंग, नेहमीचंच. पंख्याचं घुमणं खाली खाली येत विझलं. तुषार स्वयंपाकघरात भात लावत होता. त्याच्या खांद्यांवरचा भार उतरला. किती दिवसांनी घर गप्प झालं होतं. पागोळ्यांचा आवाज आला, कुणाच्या तरी रेडिओत सेल घातले असावेत, त्याचा आला. चला, तो म्हणाला, विजेवर चालणारी वस्तू आहे, वीज गेली की संपलं.

“हुं,” बाहेरून आवाज आला.

तुषारचा हात तांदळात थांबला.

बराच वेळ काही नाही. मग, “हुं.”

मग लगेच, “हुं. हुं.” आणि हलकं हसू.

तो दारापर्यंत गेला. यंत्राच्या सगळ्या लाईटी विझलेल्या. पंखा उभा. गुरुजी मान एका बाजूला कलती करून ऐकत होते. त्यांची नजर यंत्राकडे नव्हती. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडे होती. म्हणजे तुषारच्या पायांकडे, पण त्याच्या पायांहून जरा वर, बसलेल्या माणसाचं तोंड असेल तितक्या उंचीवर.

तुषार उंबरा ओलांडून बाजूला झाला. गुरुजींची नजर तिथेच राहिली.

५

बायडी आत्या आली ती दाभोसा-जव्हार जीपने, टपावर बांधलेल्या भेंडी-काकडीच्या टोपलीसकट. भावाशी बोलत नव्हती, तरी श्रावणात काकडी द्यायला आली. फाटकातून आत शिरली, ओटीच्या पायरीवर पाय ठेवला आणि तिथेच उभी राहिली.

“थाळ कोण लावला?” तिने विचारलं.

“कुठला थाळ, आते? पंखा आहे तो. मशीनचा.”

“मला नको शिकवू. मेणाचा वास येतो.”

तुषारने सांगितलं. पंखा लहान पडला, खडखडत होता, बोचक्यातलं मेण लावलं. सांगताना त्याला स्वतःलाच ते इतकं साधं वाटलं की तो हसला. आत्या हसली नाही.

“मेण तिच्या नावाचा होता,” ती म्हणाली. “घरधन्यानं नको सांगला, तर मी परत नेयाला हवा होता. नाय नेला. मीच वेडी.”

आतून आवाज आला. “हुं.”

आत्याने पदर तोंडाशी धरला. “देवजी हुं देतो?”

“दिवसभर.”

“आन् सांगतो कोण?”

“कोणी नाही. सांगितलं ना, पंखा आहे.”

“पोरा, मी काय इचारते? हुं देणारा बसला, म्हंजे सांगणारा बसला. कोण हाय समोर?”

“तू ये ना आत. बघ. तुझा भाऊ आहे.”

ती आली नाही. टोपली पायरीवर ठेवली आणि मागे सरली. तुषारने तिचा हात धरला. आता काय करायचं, एवढं तरी सांग म्हणाला. मशीन फोडू का? मेण काढू का? कुणाला बोलवू?

“मधी तोडायचा नस्तो,” आत्या म्हणाली.

“तोडला तर?”

“तोडत नाय कोणी.”

“पण तोडला तर काय होतं?”

“मला काय म्हाइत? आमी कधी तोडला नाय.”

हे असं. एक जण म्हणतो काहीच नसतं, दुसरी म्हणते असतं पण विचारू नको, आणि दोघंही आपापला पसारा पोरांच्या अंगणात टाकून मोकळे. तुषार तिला हेच म्हणाला, ह्याहून वाईट शब्दांत. आत्याने ऐकून घेतलं. मग जाता जाता, फाटकाला कडी लावताना, खाली बघून म्हणाली, “गौराचा तर आटपलाच असल. माघात गेलेली बाई. तिची गोष्ट येवढी कुठं लांब होती? बकऱ्या, लगीन, तुमी दोन पोरं. अजून काय सांगतात तेला?”

आणि ती परतीच्या जीपला गेली.

६

गुरुजींचा घसा बसला. आधी घोगरा झाला, मग चिरका, मग नुसती हवा. तुषारने हर्षदाला फोन लावला. ती म्हणाली, गुळण्या दे, बोलू देऊ नको, रविवारी मी येते, त्यांना नाशिकला घेऊन जाऊ.

“येतील ते?”

“आणू. तू सांभाळ तोवर. खातात का?”

“नाही.”

“तुषार, तू पण खा रे.”

त्याने फोन ठेवला आणि बाहेरच्या खोलीत आला. पंखा थांबलेला होता. गुरुजी ओठ हलवत होते. आवाज निघत नव्हता. ते पुन्हा जोर करत, मानेच्या शिरा ताठ होत, आणि पुन्हा नुसती हवा.

पंखा सुरू होईना.

तुषारने आधी वाट पाहिली. बरंच झालं, थांबला तर थांबला. पण गुरुजींचा श्वास अडकायला लागला. पाण्याबाहेर काढलेल्या मळ्या माशासारखं त्यांचं तोंड उघडमिट होऊ लागलं. ओठांवर निळसर छटा. एक हात खुर्चीच्या दांड्यावर, दुसरा तुषारकडे पसरलेला. डोळ्यांत अशी विनवणी, की ती ह्या माणसाच्या तोंडावर कधी येऊ शकते हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने बापाची पाठ चोळली. पाणी पुढे केलं, ते सांडलं. त्याने टाळी वाजवली, यंत्रावर थाप मारली, स्विच खालीवर केलं, “चालू हो ना, हरामखोर!” म्हणून ओरडला. लाईटी जळत होत्या. पंखा उभाच.

घरात एक थांबणं भरलं होतं. कुणीतरी बोलता बोलता गप्प झालं आहे आणि तुमच्याकडे बघतं आहे, तसं.

“हुं,” तुषार म्हणाला.

पंखा फिरला. घुमायला लागला.

गुरुजींनी लांब श्वास आत घेतला. रंग परत आला. ते खुर्चीत मागे टेकले आणि पोराकडे बघून हसले, खूप थकलेल्या, जागेवरून सुटका झालेल्या माणसाचं हसू. मग उठले, स्वयंपाकघरात गेले, आणि किती दिवसांनी नीट मांडी घालून भात जेवले. ताट पुसून जेवले. तुषारला ते दारातून दिसत होतं. तो स्वतः मात्र त्यांच्या खुर्चीत बसला होता, कारण पंखा थांबला की कुणीतरी जवळ असायला हवं होतं.

एवढंच तर करायचं आहे, तो स्वतःशी म्हणाला. रविवारपर्यंत. बाप जेवतोय. रविवारी हर्षदा येईल, आपण तिघं नाशिकला जाऊ, मशीनची वायर उपटून घराला कुलूप लावू.

“हुं,” तो म्हणाला.

७

शनिवारी दुपारी त्याला ते कळायला लागलं.

शब्द नव्हते. कुणी बोलत नव्हतं. धुक्यात उभं राहिलं की आधी काही दिसत नाही, मग झाड आहे हे कळतं, मग त्याच्याखाली बैल आहे हे कळतं, तसं ते घुमण्यातून वर यायला लागलं. मध्येच दम खायची एक जागा होती. वाक्याच्या आत, नको तिथे. आईला दमा होता. ती अशीच, नको तिथे, थांबायची.

एक पोरगा दाभोशाच्या नदीवर बकऱ्या पाजतो आहे.

“हुं.”

त्याला शाळेत नेऊन बसवतात. पाटी फुटते. मार बसतो. तो ठरवतो की आपणही एक दिवस मारणारा व्हायचं.

“हुं.”

आईने ही गोष्ट कधी सांगितली नव्हती. कोणीच नव्हती सांगितली. तुषार पुढे वाकला. तो पोरगा तालुक्याला जातो, चप्पल हातात घेऊन, कारण ती झिजेल. पहिला पगार. लग्न. पाड्यावरची बायको, तिचं बोलणं गावठी, चारचौघांत तिने बोलू नये म्हणून तो स्वतः बोलतो. बोलतच राहतो. चष्मा लागतो. कॉलनीत स्लॅबचं घर. एक मुलगा, जो त्याच्यासारखा हट्टी निघतो, आणि त्याचा त्याला लपून अभिमान आहे.

“हुं,” तो म्हणाला.

मग त्याच्या लक्षात आलं की आपण ऐकतो आहोत ती गोष्ट आईची नाही. आणि थाळ जिवंत माणसाचा लागत नाही.

मागे काहीतरी हललं. गुरुजी आतून बाहेर आले होते. स्वच्छ धोतर, पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, सत्काराला जाताना घालायचे तो. दाढी केलेली. त्यांनी पोराकडे पाहिलं नाही. दाराशी उभे राहिले.

पंखा थांबला. गुरुजीही थांबले.

तुषारच्या तोंडून सवयीने गेला, “हुं.”

गुरुजींनी दार उघडलं. धुकं आत आलं. घुमणं आता म्हातारपणावर आलं होतं, रिकाम्या दुपारींवर, शोकेसवर. ओळी आखूड झाल्या होत्या. बाबा, तो ओरडणार होता, पण आत्याचे शब्द मध्ये आले आणि तो खुर्चीला खिळला, आणि पंखा थांबला, आणि कितीही दात आवळले तरी तो श्वासाबरोबर निसटलाच. “हुं.”

गुरुजी अनवाणी ओटीवरून उतरले. अंगणातून चालत फाटकापाशी गेले. कडी काढली. फाटकापलीकडे रस्ता नव्हता, नुसतं पांढरं. त्या पांढऱ्यात, कमरेएवढ्या उंचीवर, कुणीतरी उंबऱ्यावर बसावं तसं बसलेलं होतं. ते उठलं. लुगड्याचा काठ दिसला, की फांदी होती, तुषारला नीट सांगता आलं नसतं.

गुरुजींनी एक पाय बाहेर टाकायला उचलला.

पंखा थांबला.

आता तुषारने ओठ आत ओढून घट्ट मिटले. दोन्ही हातांचे तळवे तोंडावर दाबले. उठलं तर थाळ तुटतो की काय, ते ठाऊक नव्हतं. नुसता गप्प राहिला तर मात्र गोष्ट पुढे जात नाही, एवढं त्याला नक्की माहीत होतं. पुढे जात नाही तोवर बाप फाटकात आहे. आपला आहे. त्या दिवशी खुर्चीत श्वास अडकला होता तसा आज अडकला नव्हता. ते शांत उभे होते, पाय तसाच अधांतरी, वाऱ्याने टोपीचं टोक हलत होतं.

मग त्यांनी मागे वळून पाहिलं. चेहरा असा, की आधी कधी तो तुषारने पाहिला नव्हता. कुणालाही काही शिकवायचं शिल्लक नसलेल्या माणसाचा.

“तुषार,” ते म्हणाले. आवाज स्वच्छ होता, घसा कधी बसलाच नव्हता असा. “जाऊ का रे मी?”

त्यांनी त्याला कधी काही विचारलं नव्हतं. कुठल्या शाखेला जायचं ते सांगितलं होतं, आईचं काय करायचं ते सांगितलं होतं, त्याच्यात काय कमी आहे ते सांगितलं होतं. विचारलं आज. आणि उत्तराची वाट बघत होते, मान जराशी कलती करून, ऐकण्याच्या तयारीत.

तुषारने हात तोंडावरून काढले नाहीत. नाही म्हणावं तर तोंड उघडावं लागेल, आणि उघडलं की काय बाहेर पडेल ह्याची खात्री नव्हती. मान हलवावी, तर नुसती हललेली मान हुं म्हणून धरतात का? हे त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं. तो मान ताठ धरून, डोळे न मिटता बसून राहिला. घरात, अंगणात, फाटकाबाहेरच्या पांढऱ्यात काहीही हलत नव्हतं.

बाबांनी पुन्हा विचारलं. ह्या वेळी आणखी हळू, आणखी मायेने.